1990 ची रेघ कुणी ओढली?

हंगाम तोंडावर आला की ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे तिथल्या लाडक्या 'फूटी'च्या, चाहत्यांमध्ये एक दावा हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ही राष्ट्रीय लीग 1990 मध्ये सुरू झाली. त्याआधी होती ती व्हीएफएल, म्हणजे व्हिक्टोरिया या एकाच राज्याची, खरं तर मेलबर्नच्या उपनगरांची स्पर्धा. तेव्हा गोल सोपे होते, प्रतिस्पर्धी दुबळे होते, नोंदी कच्च्या होत्या. म्हणून 1897 ते 1989 चे सगळे विक्रम बाजूला काढा आणि यादी 1990 पासून नव्याने लिहा.

असं म्हणणारे सगळे उथळ नाहीत. त्यांत ॲडलेड आणि पर्थची माणसं बरीच असतात आणि त्यांची सल खरी आहे. तिच्याकडे मी येणार आहे, कारण या वादात मला सर्वात जवळचं तेच वाटतं. पण त्या सलीवर सुचवलेला उपाय चुकीचा आहे आणि त्यासाठी दिलेली कारणं तपासली की हातात फार थोडं उरतं.

खेळ नवा असलेल्यांसाठी गुणांची रीत आधी सांगतो. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की गोल, 6 गुण. त्यांच्या बाजूच्या आखूड खांबांच्या फटीतून गेला तर बिहाइंड, 1 गुण. 10.14 (74) असं लिहिलं की 10 गोल, 14 बिहाइंड, एकूण 74.

'नवी लीग 1990 मध्ये सुरू झाली.' नाही झाली. 1990 मध्ये बदललं ते नाव. 1989 ला व्हीएफएलमध्ये 14 क्लब होते, 1990 ला एएफएलमध्ये तेच 14 होते. नवा कुणी आला नाही, जुना कुणी गेला नाही. राज्याची वेस त्याआधीच ओलांडून झाली होती. साउथ मेलबर्न 1982 मध्ये बिऱ्हाड उचलून सिडनीला गेला. 1987 मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट ईगल्स आणि क्वीन्सलंडचा ब्रिस्बेन बेअर्स आले. मग ॲडलेड 1991 ला, फ्रीमँटल 1995 ला, पोर्ट ॲडलेड 1997 ला, गोल्ड कोस्ट 2011 ला, ग्रेटर वेस्टर्न सिडनी 2012 ला. राज्याबाहेरच्या क्लबने पहिल्यांदा प्रीमियरशिप, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, जिंकली ती 1992 मध्ये, वेस्ट कोस्टने. रेघ ओढायचीच असेल तर यांतल्या कुठल्याही वर्षाला काहीतरी आधार आहे. 1990 ला तेवढाही नाही. त्या वर्षी फक्त दारावरची पाटी बदलली.

आणि ती रेघ कुणाच्या अंगावरून जाते तेही बघा. हॉथॉर्नचा मायकल टक 1972 ते 1991 खेळला: 426 सामने आणि 7 प्रीमियरशिप. ब्रेंट हार्वीने 2016 मध्ये मागे टाकेपर्यंत सामन्यांचा तो विक्रम उभा होता. टकची सातवी प्रीमियरशिप 1991 ची, कर्णधार म्हणून, आणि तोच त्याचा शेवटचा सामना. 1990 पासून मोजलं तर या माणसाच्या नावावर दोन हंगाम आणि एक प्रीमियरशिप उरते. टोनी लॉकेटचं तसंच. त्याने 1983 मध्ये सेंट किल्डाकडून सुरुवात केली, 1987 मध्ये 117 गोल मारून ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, विभागून घेतलं. तो सगळा काळ रेघेच्या पलीकडे जाईल. एकाच माणसाचे एकाच स्पर्धेत एकाच पायाने मारलेले गोल, अर्धे खरे आणि अर्धे खोटे कसे ठरवायचे?

6 जून 1999 ला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर लॉकेटने कारकिर्दीतला 1300 वा गोल मारला आणि प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात धावले. त्या गोलने कॉलिंगवुडच्या गॉर्डन कव्हेंट्रीचा 1299 चा विक्रम मोडला. तो 1937 पासून अबाधित होता. समोरचा संघही कॉलिंगवुडच होता. लॉकेट पुढे 1360 वर थांबला. दावा मान्य केला तर त्या दिवशी मैदानात धावलेली माणसं नेमकी कशासाठी धावली, याचं उत्तर देता येत नाही.

माझा जीव खरा अडकतो तो इथे. फूटीतले सर्वात मोठे क्षण 1990 नंतरचे असले तरी त्यांचा अर्थ 1990 च्या आधी आहे. कॉलिंगवुडने 1958 नंतर आठ ग्रँड फायनल हरल्या. 1966 मध्ये तर सेंट किल्डाच्या बॅरी ब्रीनच्या एका बिहाइंडने, 10.14 (74) विरुद्ध 10.13 (73). 1970 मध्ये मध्यंतराला 44 गुणांची आघाडी असताना, 121,696 प्रेक्षकांसमोर, कार्लटनकडून. 1977 मध्ये आधी बरोबरी आणि मग फेरसामन्यात हार. म्हणून 1990 मध्ये त्यांनी एसेंडनला 48 गुणांनी हरवलं तेव्हा म्हातारी माणसं रडली. 1990 हे पहिलंच वर्ष धरलं तर कॉलिंगवुड हा पहिल्याच हंगामात अलगद जिंकलेला संघ ठरतो! सिडनीने 2005 ची ग्रँड फायनल वेस्ट कोस्टविरुद्ध 4 गुणांनी जिंकली, 8.10 (58) विरुद्ध 7.12 (54). मेलबर्नमधल्या साउथ मेलबर्नच्या जुन्या घरांसाठी ती 1933 नंतरची, 72 वर्षांनी आलेली प्रीमियरशिप होती. क्लब डोळ्यांदेखत दुसऱ्या शहरात गेला तरी त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांना 'तुमचं 1933 आता मोजत नाही' असं सांगायला कुणाची जीभ रेटेल? वेस्टर्न बुलडॉग्जचं 2016 म्हणजे 1954 नंतरची 62 वर्षं. आणि फिट्झरॉय? आठ प्रीमियरशिप जिंकलेला हा क्लब 1996 च्या अखेरीस ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. 1990 पासून मोजलं तर त्याच्या वाट्याला फक्त मरणपंथाला लागलेली सात वर्षं येतात.

'जुन्या काळी गोल सोपे होते.' हा मुद्दा आकड्यांसमोर टिकत नाही. एका हंगामात सर्वाधिक गोलांचा विक्रम 150 चा आहे, बॉब प्रॅटचा 1934 मधला आणि पीटर हडसनचा 1971 मधला. त्याच जुन्या काळात 1927 ची ग्रँड फायनल कॉलिंगवुडने 2.13 (25) विरुद्ध 1.7 (13) अशी जिंकली. दोन्ही संघ मिळून तीन गोल. 1961 मध्येही रिचमंडचा संघ एका सामन्यात एकही गोल न करता 0.8 (8) वर राहिला. जुना काळ हा एकसंध काळ नव्हताच. आणि नवाही नाही. 1992 मध्ये जेसन डन्स्टलने 145 गोल मारले. 1993 मध्ये टोनी मॉड्राचे 129, गॅरी ॲब्लेटचे 124 आणि डन्स्टलचे 123. मग बचावाची पद्धत बदलली, माणसं मागे ओतून जागा भरू लागले, आणि 2008 मध्ये लान्स फ्रँकलिनच्या 113 नंतर शंभरी कुणालाच गाठता आलेली नाही. 2020 मध्ये साथीमुळे क्वार्टर आखूड झाले, फेऱ्या 17 वर आल्या आणि साखळीत 42 गोल मारून टॉम हॉकिन्स अव्वल ठरला.

प्रॅटचे 150 आणि डन्स्टलचे 145 यांच्यात 58 वर्षं आहेत आणि फरक 5 गोलांचा. डन्स्टल आणि हॉकिन्स यांच्यात 28 वर्षं आणि फरक जवळपास शंभर गोलांचा. तुलनाच होऊ शकत नाही म्हणून रेघ ओढायची, तर ती 1990 नंतर कुठेतरी पडायला हवी. आणि मग पुन्हा 2020 ला. अशाने दर दहा वर्षांनी पाटी कोरी करावी लागेल.

'प्रतिस्पर्धी दुबळे होते.' काही होते. सेंट किल्डा सुरुवातीचे सलग 48 सामने हरला. 1899 मध्ये जीलाँगविरुद्ध त्यांची एकूण कमाई 0.1, म्हणजे एक गुण. आजवरची सर्वात कमी. सर्वात मोठा विजय 1979 चा, फिट्झरॉयने मेलबर्नला 190 गुणांनी हरवलं, 36.22 (238) विरुद्ध 6.12 (48). इथवर दावा करणारे मान डोलावतात. पण एका संघाची सर्वोच्च गुणसंख्या, जीलाँगचे 37.17 (239), ही 1992 ची आहे, आणि समोर उपनगरातला संघ नव्हता तर ब्रिस्बेन बेअर्स होता. 2011 मध्ये जीलाँगनेच मेलबर्नला 186 गुणांनी हरवलं. ग्रँड फायनलमधला सर्वात मोठा फरकही 2007 चा, जीलाँगने पोर्ट ॲडलेडला 119 गुणांनी धुतलं. एकतर्फी सामने ही जुन्या लीगची खासियत नव्हती.

प्रीमियरशिपच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करायला हवं. आठ किंवा बारा क्लबांत पहिलं येणं आणि अठरांत येणं यांत फरक आहे. 1916 मध्ये युद्धामुळे चारच क्लब खेळले, साखळीत फिट्झरॉय चौथा म्हणजे शेवटचा आला, आणि बाद फेरीत जिंकून प्रीमियर झाला. असं एकच उदाहरण आहे आणि ते तळटीप घेऊनच सांगितलं पाहिजे. पण दुसरी बाजूही आहे. क्लबांवर वेतनमर्यादा आली 1980 च्या दशकात, खेळाडूंचा राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडताना तळाच्या क्लबला आधी संधी देणारी पद्धत, 1986 मध्ये. त्याआधी तळाच्या क्लबला वर यायला शिडीच नव्हती. हॉथॉर्न 1925 मध्ये आला आणि पहिली प्रीमियरशिप जिंकायला 1961 उजाडलं. सेंट किल्डाला 1966 पर्यंत थांबावं लागलं आणि अजून ती एकच आहे. कार्लटन, एसेंडन आणि कॉलिंगवुड यांच्या 16-16 प्रीमियरशिप शेजारी 1990 नंतरचा वेगळा तक्ता ठेवा, माझी काहीच हरकत नाही. दोन्ही दिसू द्या.

'नोंदी कच्च्या आहेत.' गोल, बिहाइंड, सामने आणि निकाल यांच्या बाबतीत हे खरं नाही. किक आणि हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास) पद्धतशीर मोजणं 1965 पासून सुरू झालं, टॅकल 1987 पासून. म्हणून 2018 मधले टॉम मिचेलचे एका सामन्यातले 54 डिस्पोजल, म्हणजे किक आणि हँडबॉल मिळून, हा 1965 नंतरचा विक्रम आहे, आणि तो तसाच सांगतात. याचा 1990 शी संबंध नाही.

आता ती सल. व्हीएफएल ही एका राज्याची लीग होती हे अगदी खरं. साउथ ऑस्ट्रेलियाची संघटना 1877 मध्येच उभी राहिली होती, व्हीएफएलच्या पहिल्या हंगामाच्या 20 वर्षं आधी. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची लीग 1885 ची. तिथला खेळ दुय्यम नव्हता. तरीही 'सर्वकालीन' म्हणून जी यादी दाखवली जाते तीत ही राज्यं नसतात. नॉर्थ ॲडलेडच्या केन फार्मरने 224 सामन्यांत 1417 गोल मारले. लॉकेटपेक्षा 57 जास्त, 57 सामने कमी खेळून. 1930 ते 1940 अशी सलग 11 वर्षं त्याने शंभरी ओलांडली. ज्या 1934 मध्ये प्रॅटने 150 मारले, त्याच वर्षी ईस्ट फ्रीमँटलच्या जॉर्ज डॉइगने 152 मारले. व्हीएफएलमध्ये एका सामन्यातला विक्रम फ्रेड फॅनिंगचे 18 गोल, 1947. साउथ फ्रीमँटलच्या बर्नी नेलरने 1953 मध्ये एका सामन्यात 23 आणि हंगामात 167 मारले. ग्रॅहम 'पॉली' फार्मरच्या नावापुढे या यादीत जीलाँगचे 101 सामने दिसतात; ईस्ट पर्थ आणि वेस्ट पर्थ धरून तो 356 खेळला. कारकिर्दीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग यादीला दिसतच नाही. पोर्ट ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या 36 प्रीमियरशिपही नाहीत.

ज्याच्या आजोबांनी केन फार्मरला पाहिलं, त्याने ही यादी बघून चिडावं हे मला पूर्ण पटतं. पण कव्हेंट्री पुसल्याने फार्मर यादीत येत नाही. 1990 ची रेघ ओढली तर दोघंही बाहेर राहतात, आणि नेलर, डॉइग, प्रॅट, हडसन हेही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना त्यातून काहीच मिळत नाही.

हवं आहे ते दुसरंच. व्हीएफएल-एएफएलचा तक्ता 1897 पासून, त्याच नावाने, 'सर्वकालीन' हा शब्द काढून. त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा. आपल्याला क्रिकेटमुळे ही सवय आहे: भाऊसाहेब निंबाळकरांचे नाबाद 443 कसोटीच्या यादीत नाहीत, प्रथम श्रेणीच्या यादीत 1948 पासून आहेत, आणि दोन्ही याद्या सुखाने नांदतात. फूटीतही याची सुरुवात होऊन गेली आहे. 1996 मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिन्ही राज्यांचा खेळ मोजतात. तिथला सर्वोच्च 'लेजंड'चा मान 2001 मध्ये नॉर्थ ॲडलेडच्या बॅरी रोब्रानला मिळाला, साउथ ऑस्ट्रेलियातल्या सर्वोत्तम खेळाडूचं मॅगारी पदक तीनदा जिंकलेल्या माणसाला. व्हीएफएलमध्ये तो एकही सामना खेळला नव्हता.