‘दोन तास नुसता नोटपॅड बघत बसला’ या तक्रारीबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. आम्ही तुमच्या ऑफिसातल्या ३४ कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, पण त्यातल्या ११ मशीनवर ते बसलेलंच नाही, हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच स्टाफकडून कळलं. अकाउंट्सची माणसं बसून राहिली. आदल्या संध्याकाळी आम्ही फोन करायला हवा होता, तो केला नाही. चूक आमची आहे आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘यांचा माणूस दोन तास एकाच कॉम्प्युटरसमोर नोटपॅड उघडून बसला आणि त्याचेही पैसे लावले’ हे वाक्य मला फार लागलं. त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

नोटपॅडमध्ये उघडलेला तो इन्स्टॉलेशनचा लॉग होता, म्हणजे सॉफ्टवेअर बसताना काय काय झालं त्याची नोंद. २३ मशीनवर काम सुरळीत झालं. उरलेल्या ११ वर सेटअप, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी फाइल, बराच पुढे जायचा, १६०३ एरर द्यायचा आणि केलेलं सगळं मागे घ्यायचा. १६०३ म्हणजे इन्स्टॉलेशन फसलं, एवढंच. फोल्डरची परवानगी नसेल तरी १६०३ येतो, आणि इतरही कितीतरी कारणांनी येतो. अशा वेळी तोच सेटअप पुन्हा पुन्हा चालवत राहणं सोपं असतं, बघणाऱ्याला काम चाललेलंही दिसतं. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने तसं केलं नाही. त्याने सविस्तर लॉग चालू ठेवून सेटअप एकदाच चालवला. ही फाइल हजारो ओळींची होते. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’, म्हणजे पायरी फसल्याची खूण, शोधायची आणि तिथून उलटं वर वाचत जायचं, कारण बिघाड कुठे झाला ते त्याच्या आधीच्या ओळींत लिहिलेलं असतं.

तिथे त्याला मिळालं एरर १७१४, म्हणजे जुनी आवृत्ती काढता येत नाही. त्याच ओळीत पुढे सिस्टिम एरर १६१२, म्हणजे जुन्या सेटअपची मूळ फाइल सापडत नाही. तुमचं नवं सॉफ्टवेअर आधी जुनं काढतं, मग स्वतः बसतं. आणि जुनं काढायला लागणारी सेटअपची प्रत विंडोज सी ड्राइव्हवर ‘इन्स्टॉलर’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं. मुलाने मला तेव्हाच दोन फोटो पाठवले होते. शेजारच्या चांगल्या मशीनवर ते फोल्डर फाइलींनी भरलेलं, या मशीनवर त्यात मोजून चार फाइल.

ते बघूनच त्याने विचारलं, ‘सी ड्राइव्हची साफसफाई कुणी केली होती का?’ त्याला उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे कुणी हात लावत नाही, तुम्ही तुमचं बघा.’ रिव्ह्यूत तुम्ही म्हणता, ‘उलट आमच्यावरच ढकललं.’ मॅडम, ढकललं नाही हो, विचारलं. दुसऱ्या दिवशी तुमच्याच एका सहकाऱ्याने सांगितलं की डिस्क भरली होती म्हणून त्यांनी काही मशीनवर ‘जुने सेटअप’ उडवले होते. त्यांना मी दोष देत नाही. त्या फोल्डरचं नाव आणि आकार बघून कुणालाही ती अडगळच वाटेल.

‘मग शेजारच्या मशीनवरून फाइल का उचलली नाही?’ असंही तुम्ही विचारलंय. प्रत्येक मशीनवर विंडोज त्या प्रतीला वेगळंच नाव देतं, त्यामुळे नुसती उचलून ठेवली तर चालत नाही. आम्हाला खात्रीचा वाटलेला मार्ग असा होता. नेमका त्याच आवृत्तीचा जुना सेटअप आणायचा, तो जुन्यावरच पुन्हा चालवून हरवलेली प्रत तयार करायची आणि मग नवं टाकायचं. तो सेटअप आम्ही पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला मागितला. तुमच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर तो दुसऱ्या दिवशी साडेबाराला सापडला. चार वाजता ११ही मशीन चालू होती. मधल्या वाट बघण्याचा एकही तास आम्ही लावलेला नाही, बिल पुन्हा उघडून बघा.

हे सगळं तुम्हाला त्याच वेळी नीट समजावून सांगायला हवं होतं, तेही राहिलं. यापुढे आधी दोन-तीन मशीनवर करून बघू, जुने सेटअप आधीच मागून ठेवू आणि संध्याकाळचा निरोप वगैरे वेळेवर देत जाऊ.

आम्ही चारच माणसं आहोत. नवीन गिऱ्हाईक फोन करण्याआधी हे पान बघतं, म्हणून इतकं लांबलचक लिहिलं. तुमचा रिव्ह्यू त्या मुलानेही वाचला. आज त्याने विचारलं, ‘पुढच्या वेळी लॉग न वाचता सरळ फॉरमॅट मारू का?’ मी नाही म्हटलं. फॉरमॅट मारला असता तर त्या ११ जणांच्या फाइली आणि सेटिंग परत बसवण्यात तुमचा आठवडा गेला असता.

ते लॉग आणि दोन्ही फोटो आमच्याकडे आहेत. तुम्हाला सोयीची वेळ कळवा, मी स्वतः येऊन दाखवतो. त्या भेटीचे पैसे नाहीत.