७० पावलं

७० पावलं. ढांगा टाकल्या तर ७०, माझ्यासारखी आखूड चाल असेल तर ऐंशीच्या आसपास. पाण्यापासून एवढं मागे सरून तंबू लावायचा असतो. म्हणजे साधारण ६० मीटर. पाठीवर पंधरा किलोचं ओझं घेऊन अख्खा दिवस चढ चढून आलेल्या धडधाकट माणसांना ही शेवटची ७० पावलं जड का जातात, हे मला कुणीतरी सांगा.

परवाचीच गोष्ट. सहा तास चालून तळ्याशी पोचले. तिथे ना रस्ता, ना नळ, ना संडास, ना मोबाइलला रेंज. लागेल ते पाठीवर न्यायचं आणि उरेल ते पाठीवरच परत आणायचं. लोक याला वाइल्ड कॅम्पिंग म्हणतात, मी उघड्यावर पडणं म्हणते आणि त्यासाठी वर्षभर रजा साठवते. शेवटच्या वळणावर झाडी विरळ होते आणि खाली एकदम पाणी दिसतं. त्या एका क्षणासाठी सगळी तंगडतोड. तर वळण आलं, झाडी विरळ झाली आणि दिसले काय, तर तंबू. पाच. अगदी काठावर, ओळीने, केशरी, पिवळे, निळे, हिरडीतून दात फुटावेत तसे. एका महाभागाने तर तंबूची दोरी पाण्यातल्या दगडाला बांधली होती, कारण त्या बाजूला खुंटी ठोकायला जमीनच उरली नव्हती!

आणि मागे झाडीत, वाऱ्याला आडोसा असलेली, सपाट, आधीच तुडवली गेलेली जागा होती. दहा तंबू मावतील एवढी. रिकामी.

'आधीच तुडवलेली' हे मी मुद्दाम सांगतेय. जमिनीचा हिशोब उरफाटा असतो. कोवळ्या गवतावर पहिल्या दोन-चार रात्रींतच बहुतेक नुकसान होऊन जातं. मुळं चिरडतात, माती दबून घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. त्यानंतर त्याच जागी आणखी पन्नास जण झोपून गेले तरी फारसं नवीन बिघडत नाही. म्हणून टक्कल पडलेल्या जागी तंबू लावायचा आणि हिरव्या काठाला हात लावायचा नाही. ही मंडळी नेमकी उलटी. टक्कल सोडून केसांवर जाऊन बसतात. पुढच्या वर्षी तिथेही टक्कल. मग त्याच्या शेजारी.

हे सगळं कशासाठी, तर फोटोसाठी. तुम्हीही पाहिलाय तो. तंबूची चेन उघडी, आतून काढलेला, मधोमध तळं, पलीकडे डोंगर आणि खाली मोज्यातले दोन पाय. मला त्या पायांचा इतका राग येतो की काय सांगू. फोटोत पहाटे पाचची परिस्थिती दिसत नाही ना! रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली घसरते आणि जिथे सगळ्यात सखल जागा तिथे साचते. सखल जागा कुठली? पाण्याकाठची. त्यात तळ्याची वाफ, त्यात तुमचा श्वास. एक माणूस रात्रभरात पेलाभर पाणी तरी नुसत्या श्वासातून बाहेर टाकतो. ते तंबूच्या गार कापडावर जमतं आणि थेंब थेंब तोंडावर पडतं. सकाळी काठावरच्या एका तंबूतून आवाज आला, "यार, हा टेंट गळतोय, परत करायला पाहिजे." अरे बाबा, आभाळ कोरडं ठणठणीत आहे. तंबू गळत नाहीये, तो तुझाच श्वास आहे. झाडीत सरकला असतास तर उबेत झोपला असतास.

बरं, भिजा, कुडकुडा, डास चावून घ्या. तो तुमचा प्रश्न. पण काठावर राहिलं की बाकी सगळंही काठावरच होतं, आणि तिथून तो माझा प्रश्न होतो. कारण ते पाणी मी पिते.

सांगते स्पष्टच. तंबूंच्या मागे एक मोठा दगड होता. आडोशाचा. पाण्यापासून पंधरा पावलं असेल नसेल. त्याच्या मागे गेले आणि तशीच उलट फिरले. पांढऱ्या कागदाचे बोळे, काही दवाने भिजून दगडाला चिकटलेले, काहींवर शिष्टाचार म्हणून एकेक छोटा दगड ठेवलेला. जणू पेपरवेट! आणि वेट वाइप्स. ते तर कागद नसतातच, बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. पुढच्या वर्षी मी गेले की तिथेच असतील, फक्त रंग उडालेला असेल.

खड्डा खणायचा असतो. पंधरा ते वीस सेंटीमीटर. तळहाताएवढं छोटं फावडं पुरतं, तेही नसेल तर टोकदार काठी. पाण्यापासून तेच ६० मीटर लांब, वरच्या काळ्या मातीत, कारण कुजवणारे जिवाणू तिथे असतात. काम झालं की माती ढकलायची, वर पालापाचोळा. कागद पिशवीत घालून परत न्यायचा. होय, परत. नाक मुरडू नका. आणताना तो तुमच्या सॅकमध्ये मावला होता ना?

यात माझा सोवळेपणा नाही, पोटाचा प्रश्न आहे. विष्ठेतून जिआर्डिया नावाचा परजीवी पाण्यात उतरतो. गार पाण्यात तो कवचात आठवडेच्या आठवडे तग धरतो, आणि डोंगरातलं तळं म्हणजे गारच पाणी. तो पोटात गेला तर लगेच काही होत नाही. माणूस घरी येतो, फोटो टाकतो, शंभर जण वा वा करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ढेकर, गोळा, जुलाब सुरू. तोवर कुणाला तळं आठवत नाही. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल म्हणतात. म्हणून या लोकांना कधी अद्दलही घडत नाही. मी मात्र पाणी खळखळ उकळते. उकळी फुटल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर असेल तर तीन. त्या दिवशी पाच मिनिटं उकळलं, इंधन गेलं तर गेलं. त्या दगडामागचं दृश्य डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

संध्याकाळी ओढ्याच्या तोंडाशी, जिथून पाणी तळ्यात येतं तिथे, एक मुलगी भांडी घासत होती. काळंकुट्ट पातेलं, वर तेलाचा तवंग, आणि फेस पांढऱ्या माळेसारखा तळ्यात निघालेला. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "अगं, थोडं मागे जाऊन धुतेस का?"

"ताई, हा बायोडिग्रेडेबल साबण आहे." बाटलीवरचं हिरवं पान दाखवलं तिने मला.

त्या हिरव्या पानाने जेवढा घात केलाय तेवढा कुणी केला नसेल. अगं बाई, बायोडिग्रेडेबल म्हणजे मातीत विघटन होणारा. मातीत! पाण्यात तो शेवटी साबणच. तिथेच शांत पाण्यावर ते लांब पायांचे किडे सरसरत होते, पाण्यावर चालणारे. ते बुडत नाहीत कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा त्यांना तोलतो. साबण नेमका तो ताण मोडतो. आम्ही भांड्याचं तेल सुटावं म्हणून वापरतो तोच गुण त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतो. आणि अशी उंचावरची तळी मुळात निर्मळ असतात कारण त्यांत खाद्य फारच थोडं असतं, त्यामुळे थोडं खरकटंही त्यांना फार होतं, शेवाळ धरतं. मी हे सगळं तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती, अगदी नम्रपणे, हात न थांबवता.

पातेलंभर पाणी घेऊन ७० पावलं मागे जायचं, घासायचं, खरकटं गाळून पिशवीत टाकायचं, उरलेलं पाणी मातीवर फेकायचं. एवढंच. जगभर ज्या 'लीव्ह नो ट्रेस'च्या, म्हणजे मागे खूण न ठेवण्याच्या, सात तत्त्वांचे स्टिकर लोक हौसेने बाटल्यांवर लावतात, त्यांत हेच तर सांगितलंय. स्टिकर होता हो तिच्याही बाटलीवर.

मी काही आईच्या पोटातून शहाणी होऊन आले नाही. विशीत असताना मीही नदीकाठी अगदी पाण्याला खेटून तंबू लावला होता. खळखळ ऐकत झोपायचं होतं ना मला! रात्री दोनला जाग आली ती आवाज बदलला म्हणून. खळखळ थांबून घुमल्यासारखं होत होतं, आणि मधूनच तळाचे दगड एकमेकांवर आपटत होते. आमच्या डोक्यावर चांदणं, पण वर कुठेतरी पाऊस कोसळला होता. चेन उघडून हात बाहेर काढला तर हाताला पाणी. काळोखात तंबू तसाच फरफटत वर ओढला. बूट गेले, एक पातेलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी उतरताना अक्कल आली. म्हणजे मागे लावायचं ते तळ्याच्या भल्यासाठीच असं नाही, स्वतःच्या जिवासाठीही. पण नदी रोज रात्री शिकवणी घेत नाही, आणि तळं तर काहीच बोलत नाही. बिचारं.

शेकोट्यांबद्दल बोलायला लागले तर रक्तदाब वाढेल. काठावर काळ्या दगडांची वर्तुळं मोजली. सात. पाच तंबू, सात वर्तुळं! प्रत्येकाला आपली नवीन हवी. त्यातले दगड सरळ पाण्यातून उचललेले. अशा दगडांच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, तापलं की वाफ होते आणि दगड फुटून तुकडा उडतो. कुणाच्या डोळ्यात गेला म्हणजे? राखेत फॉइल. "जळून जाईल" म्हणून टाकलेलं. ते जळत नाही, त्याचा चुरा होतो, आणि मग मी गुडघ्यांवर बसून तो चुरा नखांनी वेचते. शेजारच्या झाडाला कुऱ्हाडीचे घाव, ओली फांदी अर्धी तोडून लोंबत ठेवलेली, कारण ओलं लाकूड पेटत नाही हे तोडून झाल्यावर कळलं. आणि सकाळी निघताना वर बाटलीभर पाणी ओतलं की झाली विझवून! खालच्या पालापाचोळ्यात, मुळांमध्ये धग दिवसचे दिवस धुमसत राहते. पाणी ओतायचं, ढवळायचं, परत ओतायचं, आणि राखेत हात घालून बघायचं. हाताला गरम लागली तर विझलेली नाही.

रात्री गाणी. त्यांना वाटत असावं की पलीकडच्या काठावर मला ऐकू येत नसेल. पाण्यावरची हवा रात्री गार असते आणि वरची उबदार, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून सरळ चालत येतो. मला गाणंच नाही, गाण्यात कोण बेसूर आहे तेही कळत होतं. त्यात तंबूंवर दिव्यांच्या माळा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मी सरावून बसले की कुणाचा तरी टॉर्च थेट तोंडावर, "कोण आहे तिकडे?" मी आहे, बाबा. आकाश बघत होते.

सकाळी सगळे झोपलेले असताना काठाने एक फेरी मारली. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, ताजे, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. झाडीतून काठाकडे आलेले. तंबूंपासून वीसेक पावलांवर ते घुटमळले होते, दोनदा पुढे येऊन दोनदा मागे गेले होते, आणि मग आल्या वाटेने परत. पाण्यापर्यंत एकही ठसा नाही. पाणी प्यायला आलं होतं ते जनावर. आणि पाण्याच्या कडेला पाच दारं उघडी आणि माळा अजून लुकलुकत.

मी हातमोजे घातले, मोठी पिशवी काढली आणि दगडामागे गेले. बराच वेळ गेला. परत आले तेव्हा ती साबणवाली मुलगी दात घासत होती. पाण्यात उभी राहून. "ओह, क्लीनअप? सो स्वीट!" म्हणाली आणि माझा फोटो काढला.

उतरताना ती पिशवी सॅकला बाहेरून बांधली होती. ती ठिबकत होती, वास येत होता, आणि डावीकडून माझी पँट भिजत होती. अर्ध्या वाटेत एक टोळकं वर येताना भेटलं. नव्या कोऱ्या सॅक, ताजेतवाने चेहरे. सगळ्यात पुढच्या मुलाने विचारलं, "ताई, वर पाण्याला एकदम लागून जागा मिळेल ना?"

"झाडीत फार छान जागा आहे," मी म्हटलं. "वारा लागत नाही, दव पडत नाही."

"पण तिथून तळं दिसतं का?"

"७० पावलं चाललं की दिसतं."

तो खो खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.