धनराजने काय जिंकलं म्हणे!

परवा भुसावळला आतेभावासोबत शेवभाजी खायला बसलो होतो. विषय हॉकीवर गेला. रश्श्यात भाकरी चुरता चुरता तो म्हणतो, "धनराज धनराज करतो रे भो तू, ऑलिंपिकचं एक तरी मेडल आहे का त्याच्याजवळ? त्या गोलकीपर श्रीजेशकडे दोन आहेत."

मला ठसका लागला. तिखटाचा नाही.

हिशेबच करायचा तर हा घ्या. धनराज पिल्लेचे 339 आंतरराष्ट्रीय सामने. 1989 ते 2004. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार एशियन गेम्स. गोल किती? ते विचारू नका, त्या काळी त्याची धड नोंदच कुणी ठेवली नाही. चारही ऑलिंपिकमध्ये भारत सातवा नाहीतर आठवा, हेही खरं. पण 1994 च्या सिडनी वर्ल्ड कपनंतर जी वर्ल्ड इलेव्हन, म्हणजे जगातल्या निवडक अकरा खेळाडूंची टीम निवडली, तिच्यात भारताचा एकच माणूस होता. हाच.

आता श्रीजेश. 2012 ला लंडनच्या संघात तोही होता. भारत सगळे सामने हरून बारावा, म्हणजे शेवटून पहिला. तेव्हा तो वाईट गोलकीपर होता आणि टोकियोत पहिलं मेडल मिळालं तेव्हा एकदम चांगला झाला का? मधल्या काळात त्याच्या पुढे बचाव उभा राहिला, चांगले कोच आले, 2018 पासून ओडिशा सरकारचा पैसा आला. पॅरिसला ब्राँझ घेऊन तो सन्मानाने थांबला, आणि 16 नंबरची जर्सी त्याच्यासोबतच निवृत्त केली. मला त्याचा आनंदच आहे. धनराजच्या नशिबी हे काही नव्हतं. 1998 ला बँकॉकला त्याच्या कप्तानीत 32 वर्षांनी एशियन गेम्सचं सुवर्ण आलं, आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यासकट कितीतरी सीनियर खेळाडू संघाबाहेर! पैशाचं, सोयींचं बोलले म्हणून. भारतीय हॉकीने स्वतःच्या पायावर एवढी जोरात कुऱ्हाड क्वचितच मारली असेल.

मला सिडनी ऑलिंपिकची पोलंडची मॅच आठवते. पितृपक्ष चालू होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे आम्ही आठ-दहा जण. भारत एक गोलने पुढे, जिंकलं की सेमीफायनल. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना पोलंडने बरोबरी केली. संपलं. कुणी कुणाशी बोललं नाही, काकूंनी येऊन टीव्ही बंद केला.

मी स्वतः रेल्वेच्या ग्राउंडवर खेळायचो. ग्राउंड म्हणजे काळी माती आणि खडे. बॉल मारला एकीकडे की उडायचा नाकावर. जालंधरची तुतीच्या लाकडाची एक स्टिक होती, ती तडकली की फेविकॉल भरायचा, वरून सुतळी आवळून गुंडाळायची आणि रात्रभर दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळी वजन वाढलेलं असायचं, मनगट दुखायचं. म्हणून धनराज, खडकीच्या ग्राउंड्समनचा पोरगा, मोडक्या स्टिका बांधून खेळायला शिकला, हे वाचलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. नवल पुढचं. मातीवर शिकलेला हा माणूस टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, युरोपियन बचावफळी फोडत आत घुसायचा, केस उडवत, तोंडाने कुणावर तरी खेकसत. 1976 ला माँट्रिअलमध्ये ऑलिंपिक टर्फवर गेलं. आमच्याकडे मात्र टर्फ अजूनही टीव्हीतच बघायचं. (खानदेशात हॉकी स्टिक विकत घ्या, दुकानदार आधी विचारतो, "कोणाशी भांडण झालं?")

हे सगळं मी भावाला सांगितलं. भाकरी गार झाली. तो शांतपणे कांदा खात होता. शेवटी म्हणाला, "बरं भो, मोठा खेळाडू. पण मेडल नाही ना?"

बिल त्यालाच द्यायला लावलं.