लाल रेघेचा मालक

मराठी टाइप करताना शब्दाखाली जी लाल नागमोडी रेघ उमटते, तिचा मी मालक आहे असा बऱ्याच लोकांचा समज आहे. खरं तर ती रेघ हनस्पेल नावाच्या प्रोग्रॅमची. तो हंगेरीतल्या एका माणसाने मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिला. आज लिबरऑफिस हे लिखाणाचं फुकट सॉफ्टवेअर आणि फायरफॉक्स हा ब्राउझर, या दोन्हींत शुद्धलेखन तपासतो तो हाच. त्याला मराठी शब्दांची यादी पुरवणाऱ्या हौशी मंडळींपैकी मी एक. 'मंडळी' हे आपलं सवयीने लिहिलं. बाकीच्यांची लग्नं झाली, बदल्या झाल्या, यादी माझ्या गळ्यात राहिली.

रात्री जेवण उरकलं की मी शब्द भरत बसतो. बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. वर हेही म्हणते, की भाकरी करपली म्हणून लष्कर निदान रात्री अकराला फोन तरी करत नाही.

परवा एका काकांचा आला. मुलीची लग्नपत्रिका ते स्वतः टाइप करत होते.

"तुम्हीच ना ते शुद्धलेखनवाले?"

"हो, म्हणजे शब्दांची यादी तेवढी—"

"आमचं आडनाव टोणपे. त्याच्याखाली तांबडी रेघ मारलीय तुम्ही."

"यादीत आडनावं कमी आहेत काका. माउसचं उजवं बटण दाबलंत की—"

"दाबलं. काय सुचवलं माहितीये? टोणगे!"

मी खोकल्याचं निमित्त केलं.

"चार पिढ्यांत कुणाची छाती झाली नव्हती! आणि पत्रिकेवर ती रेघ छापली गेली, तर व्याह्यांना काय तोंड दाखवू?"

रेघ फक्त पडद्यावर दिसते, कागदावर येत नाही, हे पटवण्यात बराच वेळ गेला. पटल्यावर काका आणखी भडकले. "मग पडद्यावर तरी कशाला? ते काही नाही, माझे पैसे परत करा."

"काका, तुम्ही पैसे भरलेलेच नाहीत. हे फुकट आहे."

"फुकट आहे म्हणून माणसाला काय वाट्टेल ते म्हणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच रात्री टोणपे यादीत घातले. टोणगे काढता आले नाहीत. तेही शब्दच आहेत.

काकांचं निदान कारण तरी खरं होतं. एका निवृत्त गुरुजींना 'कांहीं' आणि 'नाहीं' दोन्ही अनुस्वारांसकट परत हवे आहेत. शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, आणखी ४ नियम १९७२ साली. पण गुरुजींच्या मते तो सगळा कट आहे आणि मी त्यात सामील आहे. आणखी एकाने तर 'भाकऱ्या' हा शब्द दोनदा टाइप करून फोटो पाठवला. एकाखाली रेघ, दुसरा स्वच्छ. खाली प्रश्न: "ही पार्शलिटी कशासाठी?" आता हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लागतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. हे मी सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं, "कारणं नकोत, काम दाखवा."

अशा सॉफ्टवेअरच्या परवान्यात कसलीही हमी नाही, हे सहसा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, ओरडून लिहिलेलं असतं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. त्यामुळे आपल्याला ओरडायचीही सोय नाही.

दुखणं जागतिक आहे, एवढाच दिलासा. ओपनएसएसएल या अशाच फुकट प्रोग्रॅमवर निम्म्या इंटरनेटची कुलपं अवलंबून. त्यात २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भोक सापडलं, तेव्हा कळलं की त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळते. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारा कर्ल हा फुकट प्रोग्रॅम सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना २०२२ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीचं पत्र आलं, की सोबतच्या प्रश्नावलीची उत्तरं २४ तासांत द्या. कंपनीने त्यांना आजवर छदामही दिलेला नव्हता. ते म्हणाले, आनंदाने देतो, आधी आपण करार करू. हे वाक्य मी लिहून ठेवलंय. काकांना म्हणायची छाती झाली नाही.

मला वाटतं, रागाचा फुकटाशी संबंध नाहीच. हेच काका मोबाइल कंपनीला दरमहा पैसे मोजतात आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे मुकाट्याने ऐकत बसतात. तिथे भांडायला माणूसच मिळत नाही. मी मिळतो, आणि वर "बोला काका" म्हणतो.

"मग मदतीला माणसं घे ना," असं लोक सुचवतात. घेतली असती. पण एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या थकलेल्या सांभाळकर्त्यामागे असाच लकडा लावला गेला, एक कष्टाळू मदतनीस पुढे आला, आणि त्याने आत चोरदरवाजा बसवल्याचं २०२४ मध्ये उघडकीला आलं. तेव्हापासून कुणी फार गोड बोललं की मी दचकतो.

अर्थात मराठी माणसाकडून तो धोका कमी. गेल्या महिन्यात एका तरुणाने कळवलं, की सर, मला मातृभाषेसाठी काहीतरी करायचंय. मी हरखून त्याला 'क्ष'पासूनचे शब्द धाडले. म्हटलं, रोज वीस तपास. दुसऱ्या दिवशी त्याने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, बोधचिन्ह बनवलं, मंडळाला नाव दिलं आणि कार्यकारिणी जाहीर केली. तो अध्यक्ष. गुरुजी सल्लागार. मी 'तांत्रिक सहाय्य'.

आता रात्री अकराला फोन त्याचाही येतो. 'क्ष'चं काम कुठवर आलं, असं विचारायला.