नॅशव्हिलची पोरं आणि आपलं नागपूर

काल संध्याकाळी इथल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या 1960 च्या विद्यार्थी आंदोलनावर डॉक्युमेंटरी दाखवली (कृष्णवर्णीयांना बसू न देणाऱ्या लंच काउंटरवर, म्हणजे दुकानांतल्या खाण्याच्या जागी, ही पोरं शांतपणे जाऊन बसायची), चाळीसेक माणसं असतील, आणि मधेच नागपूरचं नाव आलं तशी मी खुर्चीत ताठच बसले. या पोरांना तयार करणारे जेम्स लॉसन आपल्या हिस्लॉप कॉलेजात होते! 1953 ते 56. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून आधी अमेरिकेत तुरुंग भोगून आलेले, नागपुरात मुलांना खेळ शिकवायचे आणि सत्याग्रह समजून घ्यायचे. मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वाचली. मी सिव्हिल लाइन्समधून त्याच गेटवरून रोज सायकलने जायचे आणि हे मला आत्ता कळतंय, खरंच वाईट वाटलं.

सिनेमा संपल्यावर सगळे म्हणत होते किती धाडसी पोरं! मला ते पटत नाही. म्हणजे धाडसी होतीच, पण "धाडसी" म्हटलं की आपण मोकळे होतो, जणू ती जन्मतःच तशी होती. अहो, त्यांनी सराव केला होता, कित्येक महिने! चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडायच्या, एकाने काउंटरवर बसल्यासारखं बसायचं आणि बाकीच्यांनी, त्याच्याच मित्रांनी, त्याला शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. त्याने हात उचलायचा नाही. नियम लिहून दिलेले, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, उलट मारू नका. म्हणून 27 फेब्रुवारीला गुंडांनी खरंच मारलं आणि वर पोलिसांनी यांच्यातल्याच 81 जणांना पकडलं तरी रांग मोडली नाही, एक गट उचलला की दुसरा येऊन त्याच स्टुलांवर बसायचा.

एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला, त्याच दिवशी हजारो लोक चालत सिटी हॉलवर गेले आणि फिस्क युनिव्हर्सिटीच्या डायन नॅशने, वय वर्षं 21, महापौरांना तोंडावर विचारलं की रंगावरून भेदभाव करणं चूक आहे का. ते हो म्हणाले. सगळ्यांसमोर. 10 मेपासून लंच काउंटर खुले व्हायला लागले.

माझा लेक एकोणीसचा आहे, शेजारीच बसला होता. परतताना गाडीत बराच वेळ गप्प, मग म्हणाला, आई, मला नसतं जमलं. मी म्हटलं त्यांनाही पहिल्या दिवशी नसेलच जमलं रे.

मंडळाच्या मुलांसाठी ही फिल्म परत दाखवायची ठरवलंय, आमच्याच बेसमेंटमध्ये. खुर्च्या कमी पडतील, येताना घेऊन या.