रशियन ‘संस्कृतची लेक’ आणि नव्वद दिवसांची गोष्ट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या काकांकडून. सार असं: रशियन ही संस्कृतचीच लेक, आपल्याला विभक्ती आठ, त्यांना सहाच, ती लिहितात तशीच वाचतात, सबब मराठी माणसाला रशियन मोबाइलवर, क्लास न लावता, नव्वद दिवसांत येते. मी दीड वर्ष घरी बसून, माझी मीच रशियन शिकतेय, त्यामुळे गप्प राहवलं नाही.

आधी लेकीचं बघू. नात्याने रशियन स्लाव्ह भाषांतली. संस्कृतशी तिचं मूळ एक आहे, पण ती फार तर लांबची बहीण. अग्नीला ‘अगोन्य’, द्वाराला ‘द्व्येर’, नभाला ‘न्येबा’ हे खरंच आहे आणि पहिल्यांदा कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. पण चमचा म्हणजे ‘लोष्का’, रस्ता म्हणजे ‘ऊलित्सा’, काम म्हणजे ‘रबोता’. इथे संस्कृत काय मदत करणार? मेसेजात ‘चाय’ हासुद्धा पुरावा म्हणून दिलाय. तो तर दोघांकडेही चीनमधून आला. उलट ओळखीचे वाटणारे शब्दच गोत्यात आणतात. रशियनमध्ये ‘मामा’ म्हणजे आई आणि ‘बाबा’ म्हणजे बाई, तीही जरा गावंढळ सुरात. घरात सांगितलं तर दोन दिवस हसत होते.

आता विभक्ती. आकडा सहा हे बरोबर, पण आकड्यात काय आहे? आपण ‘मुलाला, मुलीला, झाडाला’ म्हणतो. सामान्यरूप केलं की एकवचनात ‘ला’ सगळीकडे तोच, अनेकवचनात ‘ना’. रशियनमध्ये लिंग बदललं की प्रत्यय बदलतो, वचन बदललं की बदलतो, कर्म सजीव की निर्जीव यावरही बदलतो. विशेषणही मागे राहत नाही. आपलं ‘चांगल्या’ एका रूपात सगळ्या विभक्त्या निभावून नेतं, त्यांचं प्रत्येक विभक्तीत कपडे बदलून येतं. संख्यांची तऱ्हा तर विचारूच नका. एक ‘रूब्ल’, दोन ‘रुब्ल्या’, पाच ‘रुब्लेय’ आणि एकवीस म्हटलं की पुन्हा ‘रूब्ल’! मंडईत कोणी असा हिशोब केला तर भाजीवाल्या मावशी हाकलून देतील.

‘लिहितात तशी वाचतात’ हे साफ चूक. ‘मोलोको’ लिहायचं, ‘मलाको’ म्हणायचं. आघात म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर पडणारा जोर. तो नसलेला ओ जवळजवळ अ होतो, आणि आघात कुठे ते पाठ्यपुस्तकं आणि शब्दकोश सोडून फारसं कोणी छापत नाही. ‘झामक’ म्हणजे किल्ला, ‘झमोक’ म्हणजे कुलूप. छापील अक्षरं तीच. लिपी आठवड्यात येते हे मात्र मान्य, तेहेतीसच अक्षरं. इंग्रजी पी दिसतं तो र, बी दिसतो तो व, एवढं अंगवळणी पडलं की झालं. हाताने लिहिलेली रशियन बघितली की परत पहिल्यापासून सुरुवात.

गंमत अशी, की मराठी खरंच उपयोगी पडते, पण मेसेजवाल्यांनी जिथे बोट ठेवलंय तिथे नाही. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’ हे रशियनमध्येही ‘म्न्ये’, म्हणजे ‘मला’नेच सुरू होतं. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हीच त्यांची बांधणी. ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढलं’ यातला फरक दाखवायला त्यांची बहुतेक क्रियापदं जोडीने येतात आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चमच्यातला च आणि चहातला च वेगळे, हे आपल्या जिभेला आधीच ठाऊक. रशियनला दोन्ही लागतात. मात्र भूतकाळात एक चकवा आहे. ‘चिताला’ (वाचलं) ऐकून मराठी कानाला तो पुरुष वाटतो, आणि निघते ती. पुरुष नुसता ‘चिताल’.

शिवाय ‘जाणे’. मी स्वारगेटला जाते म्हटलं की आपलं काम झालं. त्यांना आधी सांगायचं, पायी की बसने, क्रियापदच वेगळं.

राहिले नव्वद दिवस. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी रशियनचे सुमारे १,१०० वर्गतास धरतं. ते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आणि कामापुरती पक्की भाषा यावी म्हणून. मराठीची सवलत म्हणून तिसरा हिस्सा वजा केला, तरी नव्वद दिवस रोज आठ तास. नोकरी कोण करणार?

आणि क्लास नको म्हणणाऱ्यांना एवढंच: माझं ॲप माझा प्रत्येक उच्चार बरोबर ठरवत होतं. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, रशियनही शिकवतात. तिथे शिकलेल्या एका मैत्रिणीला मी ‘मी विद्यार्थिनी आहे’ एवढं वाक्य म्हणून दाखवलं. तिने तीन ठिकाणी थांबवलं. सध्या मुलांच्या गोष्टीचं एक पान वाचायला मला पाऊण तास लागतो, शब्दकोश मांडीवर घेऊन.