फायनल आहे मॅडम, फक्त पीओ यायचाय

हे वाक्य (पीओ म्हणजे गिऱ्हाईकाची लेखी ऑर्डर) मी गेली ९ वर्षं दर सोमवारी सकाळी साडेनऊला ऐकतेय. भोसरीत आमची पाउच पॅकिंग मशीनची कंपनी, ११ सेल्सवाले, मी कोऑर्डिनेशन बघते, म्हणजे कोटेशन, फॉलोअप, आणि महिन्याच्या शेवटी साहेबांसमोर उभं राहून 'या महिन्यात किती येणार' याचा आकडा सांगणे. आकडा चुकला की बोलणी मला, सेल्सवाले तेव्हा नेमके टूरवर असतात 😄

तर यंदा साहेबांनी ठरवलं की एक्सेल बास, चांगला सीआरएम (गिऱ्हाईकं आणि डीलची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचा आणि तोही फोरकास्ट, म्हणजे पुढच्या विक्रीचा अंदाज, बघून घ्यायचा. चार महिने मी ट्रायल आणि डेमोच करत होते, सेल्सफोर्स, झोहो, हबस्पॉट, पाइपड्राइव्ह. (मायक्रोसॉफ्टचं डायनामिक्स ३६५ बघितलंच नाही, आमच्याकडे अर्ध्या लोकांचा मेल अजून फोनवरच चालतो.) ओळखीतले चारपाच जण सारखे विचारतायत कुठलं घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, जी मला कुठल्याही डेमोवाल्याने आपणहून सांगितली नाही. ही सगळी टूल्स मुळात एकच गुणाकार करतात, डीलची रक्कम गुणिले टक्के. टक्के कुठून येतात, तर डील कुठल्या स्टेजला आहे त्यावरून, आणि ते टक्के बहुतेक टूल्समध्ये सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेले असतात. सेल्सफोर्समध्ये कोटेशन दिलं की ७५, निगोसिएशन सुरू झालं की ९०. झोहोतही तसंच. हबस्पॉटमध्ये प्रेझेंटेशनची वेळ ठरली की ६०! अहो आमच्याकडे डेमोला लोक भावाला, मेव्हण्याला, पोरांना घेऊन येतात, पाउच कसा भरतो, सील कसा होतो ते मन लावून बघतात, व्हिडिओ काढतात, चहा पितात, आणि 'कळवतो' म्हणून जातात ते जातातच. ६० टक्के कसले?

मी बसून मागच्या दोन वर्षांचं कोटेशन रजिस्टर काढलं, हातानेच मोजलं, दोन शनिवार गेले. कोटेशन गेलेल्या ५ पैकी आमच्याकडे १ मशीन येतं. म्हणजे २० टक्के. आणि टूल म्हणतंय ७५. मग एखाद्या महिन्यात प्रत्येकी अठरा लाखाच्या ४ मशीनची कोटेशनं बाहेर असली की स्क्रीनवर ५४ लाख दिसतात, साहेब खूश, कच्च्या मालाची ऑर्डर जाते, स्टीलवाल्याला शब्द दिला जातो, आणि महिन्याअखेरीस येतं एक मशीन. कधी तेही नाही. बरं टक्के बदलून २० केले तरी स्क्रीनवर येतात १४ लाख ४० हजार, आणि १४ लाख ४० हजाराचं मशीन आम्ही विकतच नाही. एकतर १८ येणार नाहीतर शून्य. ज्यांच्याकडे महिन्याला पाचशे छोटी डील असतात त्यांचा हा हिशोब सरासरीत बसत असेल, आमच्यासारख्या मोजक्या मोठ्या डीलवाल्यांनी या वेटेड (टक्क्यांनी गुणलेल्या) आकड्यावर पगाराची तारीख ठरवू नये एवढंच.

म्हणून मला टक्क्यांपेक्षा कॅटेगरी प्रकार बरा वाटला, पाइपलाइन (अजून बोलणी चालू), बेस्ट केस (सगळं जमलं तर), कमिट (नक्की येणार) असे कप्पे. सेल्सवाल्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की हे डील मी कमिट करतोय. सेल्सफोर्समध्ये हे सगळ्यात नीट आहे हे मान्य करायलाच हवं, मॅनेजर त्यात आपला आकडा वेगळा टाकू शकतो आणि खालच्या माणसाचा मूळ आकडा तसाच राहतो, म्हणजे 'तू ३६ म्हणालास, मी १८ धरले' हे दोन्ही दिसतं. हबस्पॉटमध्येही सेल्सवाला स्वतःचा आकडा सबमिट करतो, आणि स्क्रीन तर इतकी स्वच्छ की आमच्या सोलापूरच्या मुलाला शिकवायलाच लागलं नाही. पण फोरकास्ट फुकटच्या प्लॅनमध्ये नाही, वरचा प्लॅन घ्यावा लागतो, तिथे साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. सेल्सफोर्सचंही तेच, चांगलंय पण ते सांभाळायला एक माणूस वेगळा लागेल, आणि तो माणूस मीच असणार हे मला दिसत होतं.

पाइपड्राइव्हचं एक मला फार आवडलं. फोरकास्टमध्ये महिन्यांच्या रांगा असतात, डील उचलून पुढच्या महिन्यात टाकलं की तारीख आपोआप बदलते. आणि बरेच दिवस कुणी हात लावला नाही तर डील लाल होतं, त्याला ते कुजलेलंच म्हणतात 😂 आमच्या मीटिंगमध्ये आता 'कुजलंय का बघ' हा शब्दच झालाय. फक्त उचलून पुढे टाकणं इतकं सोपं आहे ना, की आमचे लोक तेच करत बसतील अशी मला भीती वाटली.

कारण माझं खरं दुखणं तेच आहे, तारीख ढकलणे. कोल्हापूरचं एक गूळ पावडरवालं गिऱ्हाईक आहे, त्याचं डील आमच्या मुलाने २८ जूनला क्लोज होणार म्हणून टाकलं, मग ३१ जुलै, मग ३० ऑगस्ट, मग ३० सप्टेंबर, आणि पुढेही तसंच. दर वेळी कमिटमध्ये. दर वेळी 'फायनल आहे मॅडम'. एक्सेलमध्ये जुनी तारीख पुसली की गेली, मलाच आठवत राहायचं की अरे हा मागच्या महिन्यात पण होता. सेल्सफोर्समध्ये याचा काउंटर तयारच असतो, तारीख पुढच्या महिन्यात किती वेळा गेली ते मोजतो. झोहोत स्टेज बदलली की तारखेसकट इतिहास राहतो, आणि काउंटर आमच्या सेटअप करणाऱ्या मुलाने अर्ध्या दिवसात बनवून दिला. तेवढ्या एका फील्डवर आम्ही झोहो घेतलं असं म्हटलं तरी चालेल. बाकी टार्गेट वरून खाली वाटून देता येतं, कुणाचं किती भरलं ते दिसतं, मुंबईच्या मुलाला मुंबईचंच दिसतं, हे सगळं आहेच.

आता एआय. सेल्सफोर्सचं आइन्स्टाइन २०१६ पासून आहे, झोहोची झिया आहे, सगळे म्हणतात जुन्या डेटावरून शिकून पुढचं सांगू. मी डेमोवाल्या मुलाला विचारलं, पितृपक्ष कळतो का हिला? तो हसला. पण मी गंमत करत नव्हते. आमची गिऱ्हाईकं मसालेवाले, फरसाणवाले, बेदाणेवाले, पितृपक्षात नवीन मशीनच्या कागदावर सही करत नाहीत म्हणजे नाहीत. २०२३ ला अधिक श्रावण होता, पितृपक्ष २९ सप्टेंबरच्या सुमारास लागला, आमचा सप्टेंबर मोकळा गेला, ऑर्डरी छान. २०२४ ला तो १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर, म्हणजे क्वार्टरचे शेवटचे दिवस सगळे गेले. २०२५ ला २१ सप्टेंबरला संपला, २२ ला घटस्थापना, लोकांनी पीओ दिले पण अ‍ॅडव्हान्सचा चेक म्हणे दसऱ्याला, आणि दसरा २ ऑक्टोबर. दोन दिवसांनी क्वार्टर हुकला. आता या तीन सप्टेंबरवरून मशीन काय शिकणार? तीन वर्षांत तीन वेगवेगळे सप्टेंबर. २०२६ ला परत अधिक ज्येष्ठ, परत सगळं पुढे सरकलं. मी कालनिर्णय घेऊन त्या तारखा हाताने भरल्यात, त्या पंधरवड्यात कुणाची क्लोज डेट पडली की मला मेसेज येतो.

आणि हो, जे कुणी ट्रायल घेणार असतील त्यांनी आर्थिक वर्ष आधी एप्रिलपासून करा. मी विसरले. साहेबांना मोठ्या उत्साहाने क्यू वन दाखवला, त्यात जानेवारी ते मार्चचे आकडे, ते म्हणाले एवढा धंदा एप्रिल मध्ये कधी झाला? पाच मिनिटं मी ट्रॅकपॅडशी खेळत होते. शिवाय रक्कम लाख-कोटीत दिसते की मिलियनमध्ये तेही बघा, आमचे साहेब मिलियन दिसला की आधी बोटांवर शून्यं मोजतात, मग चिडतात.

सेल्सवाल्यांची बाजू पण सांगते, नाहीतर उद्या मला चहा मिळणार नाही. तारीख ते काही हौसेने ढकलत नाहीत. कमिटमधून डील काढलं की मीटिंगमध्ये दहा जणांसमोर 'का रे काढलंस' होतं, आणि ठेवलं की पुढच्या सोमवारपर्यंत सुटका. मीही त्यांच्या जागी ठेवलंच असतं. म्हणून मी साहेबांना एकच अट घातली, डील काढलं म्हणून त्या दिवशी कुणाला काही बोलायचं नाही. दोन महिने पाळतायत. कमिटचा आकडा जवळपास निम्मा झालाय, पहिल्या आठवड्यात साहेबांना ते बघवत नव्हतं, पण गेल्या महिन्यात आम्ही ३ मशीन म्हणालो आणि ३ आली, आणि स्टीलवाल्याचा फोन एकदाही आला नाही.

गूळवाल्याचा काउंटर ६ वर आहे. परवा त्या मुलाने स्वतःच फोन केला, मॅडम याला कमिटमधून काढू का, त्याच्या मेव्हण्याने राजकोटवरून मशीन आणलंय म्हणे.